कौतुक आणि सत्य

निवृत्तीनंतर तैलरंगांचा वर्ग लावलेले एखादे गृहस्थ आपले नवे चित्र पुढे करून ‘कसे झाले आहे?’ असे विचारतात, तेव्हा ‘सुरेख!’ हा शब्द आपल्या ओठांवर तयारच असतो. चित्र सुमार असेल, तर हे कौतुक प्रीतीचे कृत्य की असत्य? संत थॉमस अक्वायनस यांनी दुसऱ्याच्या भल्यासाठी बोललेले असत्यही पापच ठरवले, सौम्य का होईना. सत्य शहाणपणाने झाकण्याची मुभा मात्र त्यांनी दिली आहे. म्हणजे मौनाला वाव आहे, खोट्या स्तुतीला नाही.

पण सत्य तरी कसे सांगावे? १८८५ साली व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांच्या ‘बटाटे खाणारे’ या चित्राच्या शिळाछापावर त्यांचे चित्रकार मित्र व्हॅन रॅपार्ड यांनी पत्रातून कठोर टीका केली. तीत तथ्य असेलही. मैत्री मात्र तुटली. आणि हेच व्हॅन गॉग १८८६च्या जानेवारीत, वयाच्या ३२व्या वर्षी, अँटवर्पच्या कला अकादमीत विद्यार्थी म्हणून दाखल झाले! शिकण्याचे त्यांना वावडे नव्हते.

तैलरंगाच्या शिक्षकाचे बोलणे पाहा. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होते. खालच्या थरापेक्षा वरच्या थरात तेल कमी पडले, तर कालांतराने चित्राला तडे जातात. ‘एवढा भाग खरवडून पुन्हा रंगवा,’ असे तो म्हणतो, तेव्हा तो चित्राविषयी बोलतो, माणसाविषयी नव्हे. आपल्यापाशी एवढे ज्ञान नसेल, तर ‘हे झाड रंगवायला किती दिवस लागले?’ असे विचारावे आणि उत्तर ऐकायला थांबावे. फांद्या अजून जमत नाहीत, हे बहुधा ते गृहस्थ स्वतःच सांगतील.