थकव्याला उसना पुरावा

सकाळी अंथरुणातून उठवत नाही, दुपारी डोळे मिटू लागतात, सारखे गोड खावेसे वाटते. अशा तक्रारींवर आज ‘ॲड्रिनल फटीग’ असा शिक्का मारला जातो आणि पूरक गोळ्या विकल्या जातात. सततच्या ताणाने मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी दमतात आणि हळूहळू निकामी होतात, असा हा दावा आहे. जेम्स विल्सन यांनी 1998 मध्ये हे नाव रूढ केले; आधार म्हणून ताणाचे संशोधक हान्स सेल्ये यांचे उंदरांवरील प्रयोग पुढे केले जातात. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या अधिवृक्कातील पेशी नेमक्या कशाने मरतात याचा इतिहास मात्र या दाव्याविरुद्धच साक्ष देतो.

अधिवृक्क निकामी होण्याचा ॲडिसनने 1855 मध्ये वर्णिलेला आजार आणि तिच्या कॉर्टिसोन या संप्रेरकाला 1950 मध्ये मिळालेले नोबेल हे टप्पे परिचित आहेत. 1936 मध्ये सेल्येंनी ‘नेचर’मध्ये दाखवले की थंडी, जखम, अतिश्रम किंवा विषारी मात्रा, कारण काहीही असो, उंदरांची अधिवृक्क वाढते, थायमस आक्रसते आणि जठरात व्रण पडतात. अखेरच्या अवस्थेला त्यांनी शक्तिक्षयाची अवस्था म्हटले. गैरसमज सुरू होतो तो इथे. त्यांच्या मांडणीत क्षय होतो तो संपूर्ण प्राण्याच्या जुळवून घेण्याच्या क्षमतेचा. अधिवृक्काबद्दल त्यांना पुढे वाटलेली मोठी चिंता तिच्या संप्रेरकांच्या अतिरेकाची होती.

ग्रंथीच्या मृत्यूचा खरा धडा 1961 मध्ये शिकागोत मिळाला. चार्ल्स हगिन्स आणि मोरी यांनी उंदरांना डीएमबीए हे कर्करोगकारक रसायन दिले. काही दिवसांतच अधिवृक्काच्या बाह्यकाचे आतले थर मेले आणि तिथे रक्तस्राव झाला. सर्वांत बाहेरचा थर मात्र तगला. पियूषिका ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांची अधिवृक्क वाचली. त्यांना एसीटीएच, म्हणजे अधिवृक्काला कामाला लावणारे पियूषिकेचे संप्रेरक, दिले की ती पुन्हा बळी पडू लागली. स्टेरॉइडनिर्मिती रोखणाऱ्या मेटिरॅपोननेही संरक्षण दिले. पुढे उलगडा झाला की डीएमबीए जसेच्या तसे मारक नसते. शरीरातील एन्झाइमे त्याचे रूप बदलतात, तेव्हा ते घातक होते. 1988 मध्ये डीडीटीपासून शरीरात तयार होणाऱ्या एका पदार्थाबाबत स्वीडिश संशोधकांनाही उंदरांत असेच दिसले: अधिवृक्कात तो सक्रिय होऊन तिथल्याच पेशी मारतो.

यावर एक रास्त आक्षेप येईल: निवांत ग्रंथी वाचते आणि राबणारी मरते, म्हणजे अतिकाम घातक आहे हेच सिद्ध झाले ना? नाही. विषाविना नुसते एसीटीएच दिले, तर उंदराची अधिवृक्क मरत नाही, वाढते. कामामुळे ग्रंथी विषाला हळवी होते. जीव घेते ते विष. दुसरा आक्षेप माणसाचा: मेनिंगोकॉकसच्या तीव्र संसर्गात अधिवृक्कात रक्तस्राव होऊन ती नष्ट होतेच की. होते, पण तो जंतुसंसर्ग आणि रक्त गोठण्यातील बिघाड यांचा झपाट्याने होणारा परिणाम असतो. वर्षानुवर्षांच्या कार्यालयीन ताणाशी त्याचे नाते नाही. 2016 मध्ये कॅडेजियानी आणि कॅटर या संशोधकांनी या विषयावरचे 58 अभ्यास तपासले. ‘ॲड्रिनल फटीग’ला आधार मिळाला नाही.

थकवा मात्र खरा असतो, आणि म्हणूनच हे चुकीचे नाव धोक्याचे आहे. त्याच्याआड रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, अपुरी झोप, नैराश्य, क्वचित खरा ॲडिसनचा आजारही असू शकतो; भारतात क्षयरोग हे त्या आजाराचे एक महत्त्वाचे कारण राहिले आहे. 2018 मध्ये अमेरिकेत तपासलेल्या अशा बारा पूरकांपैकी सर्वांत थायरॉइडचे संप्रेरक आणि निम्म्याहून अधिकांत स्टेरॉइड आढळले. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की पियूषिकेचे एसीटीएच घटते आणि अधिवृक्क खरोखर आक्रसू लागते. म्हणजे नसलेल्या आजाराचा उपचारच तो आजार घडवू शकतो. थकवा टिकून राहिला तर रक्त तपासून घ्या, गरज भासल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने सकाळचे कॉर्टिसॉल मोजून घ्या. घटकांची खात्री नसलेल्या गोळीवर विसंबू नका.