अपराध्याविना अपाय

सहाव्या शतकात उज्जयिनीच्या परिसरात राहून वराहमिहिराने ‘बृहत्संहिता’ रचली, तेव्हा भूगर्भातील पाण्याचा शोध घेण्याच्या विद्येला त्याने ‘दकार्गल’ नावाचा स्वतंत्र अध्याय दिला. त्या अध्यायाच्या आरंभीच त्याने असे प्रतिपादन केले की आकाशातून पडणारे पाणी सर्वत्र एकाच रंगाचे आणि एकाच चवीचे असते, त्याला निरनिराळे रंग व रस येतात ते ज्या भूमीत ते मुरते तिच्या गुणांमुळे, आणि म्हणून पाण्याची परीक्षा भूमीच्या अनुषंगानेच करावी लागते. आजच्या भूजलशास्त्राला या विधानात फारशी दुरुस्ती सुचवता येणार नाही. त्याच अध्यायात विहिरीचे गढूळ, कडवट, खारट, बेचव किंवा दुर्गंधीयुक्त पाणी सुधारण्याची एक कृतीही आहे. अंजन, नागरमोथा, वाळा, आवळा आणि निवळीचे बी ही तिच्यातील काही द्रव्ये. दोषांची ही यादी डोळा, जीभ आणि नाक यांच्या साक्षीवर आधारलेली आहे. ज्या दोषाला रंग नाही, चव नाही आणि वासही नाही, त्याची परीक्षा कोणी आणि कशी करावी, हा प्रश्न त्या काळात उद्भवला नव्हता. वराहमिहिराच्या प्रदेशात आज तो उद्भवला आहे.

केंद्र सरकारने २००८-०९ मध्ये फ्लोरोसिसच्या प्रतिबंधाचा आणि नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हा पहिल्या टप्प्यासाठी निवडलेल्या पाच जिल्ह्यांत नेल्लोर, जामनगर, नागौर आणि नयागढ यांच्याबरोबर उज्जैनचाही समावेश होता. फ्लोरोसिस म्हणजे पिण्याच्या पाण्यातून दीर्घकाळ अधिक प्रमाणात फ्लोराइड पोटात गेल्याने दात, हाडे आणि सांधे यांना जडणारा विकार. हे फ्लोराइड कोणी पाण्यात टाकलेले नसते. ॲपेटाइट, अभ्रकाचे काही प्रकार, हॉर्नब्लेंड अशा खनिजांत ते मुळातच बांधलेले असते आणि खडक झिजत असताना पाण्यात उतरते. पाण्यात कॅल्शियम पुरेसे असेल तर ते फ्लोराइडला फार वाढू देत नाही; परंतु खोल भेगांत दीर्घकाळ साठून राहिलेल्या पाण्यातील कॅल्शियम चिकणमातीचे थर शोषून घेतात व त्याच्या बदल्यात सोडियम देतात, पाणी अल्कधर्मी होते, आणि अशा पाण्यात फ्लोराइड अधिक विरघळून राहते. माळव्याचे पठार महाराष्ट्राच्या बहुतांश भूभागाप्रमाणेच काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसाल्टचे आहे. पावलोपावली पाणी सापडणारा मुलूख अशी त्याची लोकवाणीतील ख्याती उथळ विहिरी, बावड्या आणि तलाव यांच्यावर उभी होती. सिंचनासाठी उपसा वाढला, उथळ पाणी आटले आणि विंधनविहिरी खोल खोल जाऊ लागल्या. बोअर जितकी खोल तितके पाणी शुद्ध, हा समज जंतूंच्या बाबतीत बराचसा खरा असला तरी खनिजांच्या बाबतीत अनेकदा नेमका उलटा ठरतो.

भारतीय मानक संस्थेच्या निकषानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेण्याजोगे मानले जाते. मर्यादेपेक्षा अधिक फ्लोराइडचे पाणी साधारण आठव्या वर्षापर्यंत, म्हणजे कायमचे दात हिरड्यांच्या आत घडत असताना, मुलाच्या पोटात गेले तर त्या दातांवर पांढुरके, पिवळे आणि पुढे तपकिरी पट्टे उमटतात, जे घासून जात नाहीत. पाण्यातील प्रमाण बरेच जास्त असेल आणि वर्षानुवर्षे तेच पाणी प्यायले गेले तर सांधे दुखू लागतात, अस्थिबंध कठीण होतात, पाठीचा कणा ताठरतो, आणि माणसाला हनुवटी छातीला टेकवता येत नाही की खाली वाकून जमिनीवरची वस्तू उचलता येत नाही. हाडांत झालेला हा बदल उलटवणारे औषध नाही. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही; उलट वाफ निघून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण थोडे वाढतेच.

हे ज्ञान नवे नाही. मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागात हा विकार पाण्यातील फ्लोराइडमुळे होतो, हे १९३७ मध्येच प्रसिद्ध झाले होते. ते संशोधन करणाऱ्यांत शॉर्ट यांच्याबरोबर चिं. गो. पंडित होते, जे पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले. निकृष्ट आहाराने हा विकार बळावतो, हेही पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० मध्ये मांडले. पेयजल योजनांत फ्लोराइडचा विचार मध्यंतरी झाला, हे खरे. परंतु आरोग्यखात्याचा स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम यायला सत्तर वर्षे लागली, आणि त्याच्या पहिल्या पाच जिल्ह्यांत नेल्लोरचे नाव पुन्हा आले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

इतका विलंब का होतो, याचे एक कारण नैतिक विचाराच्या सवयीत आहे. इंदूरहून सांडपाणी घेऊन येणारी कान्ह नदी उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, तेव्हा बोट कोणाकडे दाखवावे हे प्रत्येकाला कळते; साधू उपोषणाला बसतात, योजना जाहीर होतात, सिंहस्थ जवळ आला की निधी येतो. खडकातून आलेल्या फ्लोराइडला असा अपराधी नाही, आणि जिथे अपराधी नाही तिथे जबाबदारीही नाही, असे मन गुपचूप ठरवून टाकते. अमेरिकी राजकीय विचारवंत जुडिथ श्क्लार यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात दुर्दैव आणि अन्याय यांच्यातील सीमारेषा संशयास्पद ठरवली. त्यांच्या मते ज्यांना काही करता आले असते त्यांनी काही न केल्यामुळे वाढलेले दुःख केवळ दुर्दैव म्हणून बाजूला सारता येत नाही, आणि ती रेषा आखण्याचा अधिकार बहुधा न सोसणाऱ्यांच्या हाती असतो. भूजलातील विष हे या विचाराचे नेमके उदाहरण आहे, कारण फ्लोराइड निसर्गाचे असले तरी बोअर कुठे घ्यायची, तिचे पाणी कशासाठी तपासायचे आणि तपासणीचा निकाल कोणाला सांगायचा, हे सगळे निर्णय माणसांचे असतात.

हातपंपाचा इतिहास येथे मुद्दाम आठवला पाहिजे, कारण त्यात दुष्टावा कुठेच नाही. उघड्या बावड्यांच्या पाण्यातून कॉलरा पसरत असे, नारू होत असे; पायऱ्यांच्या विहिरी सोडून लोकांनी हापशाचे पाणी प्यावे, या प्रयत्नांचाही वाटा असल्यामुळेच २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. बांगलादेशात याच सद्हेतूने लक्षावधी नलिकाविहिरी खोदल्या गेल्या आणि १९९३ मध्ये त्यांपैकी अनेकींच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे तिथे आढळले. आर्सेनिक हेही भूगर्भातून येणारे मूलद्रव्य. त्याने त्वचेवर चट्टे आणि खडबडीतपणा येतो व कालांतराने कर्करोगही होतो. ब्रिटनच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९९२ मध्ये त्या देशातील काही भागांतले पाणी तपासले होते, पण आर्सेनिकसाठी तपासले नव्हते. बाधित नागरिकाने ब्रिटनमध्ये दावा लावला, आणि २००६ मध्ये तेथील हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला: त्या संस्थेचे पाणीपुरवठ्यावर नियंत्रण नव्हते, म्हणून पाणी पिणाऱ्यांप्रती तिचे कायदेशीर कर्तव्यही नव्हते. कायद्याच्या चौकटीत हा निकाल बहुधा योग्यच असेल. नीतीच्या चौकटीत मात्र त्यातून एक अस्वस्थ करणारी गोष्ट निघते, ती अशी की न तपासणारा सुरक्षित राहतो आणि तपासून गप्प बसणारा अडकतो. ज्या व्यवस्थेत अज्ञान हाच बचाव ठरतो, ती व्यवस्था अज्ञान जपू लागते.

या संदर्भात उज्जैनमधील आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात ज्याचा जीर्णोद्धार केला, त्या महाकालेश्वर मंदिरातील ज्योतिर्लिंगाची झीज होत असल्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पुरातत्त्व आणि भूविज्ञान खात्यांतील तज्ज्ञांनी पाहणी केली, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यायालयाने मंदिर समितीचे उपाय मान्य केले: प्रत्येक भाविकाने अर्ध्या लिटरपेक्षा अधिक नाही इतकेच, आणि तेही आरओ यंत्रातून शुद्ध केलेले पाणी अर्पण करावे. श्रद्धेचा उपहास करण्याचे येथे काहीच कारण नाही. उलट, एखादी गोष्ट समाजाला खरोखर मोलाची वाटली की काळजी कशी घेतली जाते, याचा हा वस्तुपाठ आहे: नमुने घेतले जातात, मर्यादा आकड्यात लिहिली जाते आणि देखरेख नेमली जाते. पाण्याने शिळा झिजते म्हणून एवढी दक्षता घेता येत असेल, तर शिळा झिजवून आलेल्या पाण्याने हाडे वाकतात तेव्हाही ती मागण्याचा गावकऱ्यांना अधिकार आहे. १९९१ मध्ये याच न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाण्याचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत मानला होता, आणि पिणाऱ्याच्या शरीराच्या दृष्टीने प्रदूषण कारखान्याचे की खडकाचे, याने काहीच फरक पडत नाही.

उपायांची वाण नाही. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची ‘नालगोंडा पद्धत’ नागपूरच्या नीरी संस्थेनेच विकसित केली. सक्रिय ॲल्युमिना या शोषक पदार्थाचे फिल्टरही आहेत, पण ठरावीक काळाने तो पदार्थ रसायनाने धुऊन पुन्हा कामाजोगा करावा लागतो, आणि ते काम नेमके कोणाचे हे ठरलेले नसले की संयंत्र उद्घाटनाच्या फलकासह गंजत राहते. घरातील आरओ यंत्र फ्लोराइड काढते, मात्र ते परवडणाऱ्याच्याच घरात, आणि बरेच पाणी वाया घालवून. त्यातून आणखी एक विषमता तयार होते: ज्याच्या ताटात दूध, डाळ, भाजी आणि आवळा-लिंबू आहे त्याच्या शरीराला कॅल्शियम व क जीवनसत्त्व मिळून अपाय काहीसा सौम्य होतो, तर कुपोषित मुलाचे पाय त्याच पाण्याने अधिक वाकतात. निसर्गाने दिलेले विष सर्वांना सारखे असते, हे म्हणणे या ठिकाणी खोटे पडते.

पाणी पिण्याजोगे नसलेल्या हातपंपावर लाल खूण करणे ही पहिली पायरी असली, तरी पर्यायी पाणी न देता केलेली लाल खूण म्हणजे जबाबदारी झटकण्याची सरकारी रीत ठरू शकते. लाल खुणेच्या पाण्याने धुणीभांडी आणि आंघोळ चालते, कारण फ्लोराइड त्वचेतून फारसे शोषले जात नाही; प्रश्न माणशी रोजच्या काही लिटर पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्याचा असतो, आणि एवढे पाणी पुरवणे कोणत्याही जिल्हा प्रशासनाच्या आवाक्याबाहेरचे नाही. त्याच माळव्यात सिंहस्थासाठी नर्मदेचे पाणी उपसून क्षिप्रेत सोडण्याची योजना २०१४ पासून चालू आहे, हे विसरून चालणार नाही.

यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांतही हेच फ्लोराइड आहे, त्यामुळे उज्जैनचा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाण्याची रासायनिक तपासणी होते. ज्यांच्या घरी, शाळेत किंवा वाडीत बोअरचे पाणी प्यायले जाते, त्यांनी ते एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा नंतर फ्लोराइडसाठी तपासून घ्यावे, आणि आलेला आकडा ग्रामसभेत वाचून दाखवावा.