एंजिन कोणत्या सालचे?

थीसिअसच्या जहाजाची कथा प्लूटार्कने सांगितली, तेव्हापासून तत्त्वज्ञांस तिचा कंटाळा आलेला नाही. एकेक फळी कुजत गेली, अथेन्सच्या लोकांनी तिच्या जागी नवी बसविली. सर्वच फळ्या बदलल्यावर जहाज तेच राहिले काय? पुढे हॉब्जने काढून टाकलेल्या फळ्यांचे दुसरे जहाज उभे करून हा घोळ दुप्पट केला. विद्यार्थ्यांपुढे आम्ही हा प्रश्न पुष्कळ वर्षे मांडीत आलो. पण जुन्या मोटारीचे एंजिन नव्याने जुळविणाऱ्या मिस्त्रीपुढे तो मांडला, तर तो हसेल. जहाजाची एक फळी दुसरीसारखीच असते. एंजिनाचा प्रत्येक भाग मात्र आपल्या शेजाऱ्यावर भिस्त ठेवून घडविलेला असतो.

फोक्सवॅगनची बीटल गाडी घ्या. 1938 साली आकारास आलेली ही गाडी मेक्सिकोतील पुएब्ला येथे 2003 पर्यंत तयार होत होती. हवेने थंड होणाऱ्या तिच्या चार सिलिंडरांच्या एंजिनाची ठेवण इतकी थोडी बदलली, की कोणत्याही पिढीचा भाग कोणत्याही पिढीस चालेल असे वाटावे. पुष्कळ भाग चालतातही. 1300, 1500 व 1600 या तिन्ही एंजिनांत पिस्टनची धाव 69 मिलिमीटरच आहे. फरक सिलिंडरच्या व्यासाचा. परंतु 1971 च्या सुमारास कॅमशाफ्टवरील चक्र बदलले. पूर्वीचे सपाट होते, नंतरचे बशीसारखे खोलगट झाले, आणि त्याबरोबर ऑइल पंपही बदलला. एका पिढीचा पंप दुसरीच्या चक्रास लावला, तर तो त्यावर घासतो, नाही तर त्याची जीभ खाचेत पुरती शिरत नाही. झाकण चढविल्यावर यांतले बाहेरून काही दिसत नाही. (आम्ही स्वतः कधी पाना हाती धरलेला नाही, तथापि न दिसणाऱ्या चुकांचा आम्हांसही परिचय आहे.)

मूळचेच भाग हवेत, असा हट्ट धरणाऱ्यांशी आमचे जमत नाही. खुद्द कारखान्यानेच साठाहून अधिक वर्षे हे एंजिन सुधारीत नेले. त्या सुधारणेचा लाभ जुन्या गाडीने घेतला तर कोणता धर्म बुडाला? खरा प्रश्न पुढचा आहे. एंजिनाचा क्रमांक बाहेरच्या आवरणावर कोरलेला असतो. तो आवरणाचा काळ सांगतो, आतल्या भागांचा नव्हे. समजा, 1967 च्या आवरणात मालकाने पुढच्या पिढीचा कॅमशाफ्ट व त्याचाच पंप बसविला. गाडी उत्तम चालली, पुढे विकली गेली. दहा वर्षांनी दुसरा मिस्त्री क्रमांक पाहून 1967 चा पंप मागवितो. तेलाचा दाब पडतो, बेअरिंगे जळतात.

पहिला मालक म्हणेल, “मी खोटे बोललो नाही, मला कोणी विचारलेच नाही.” हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. त्याने तोंड मिटले, तरी तो क्रमांक बोलतच होता, आणि तो आता चुकीचे सांगतो हे त्या एकट्यासच ठाऊक होते. गाडी त्याची होती, तिच्यात हवे ते घालण्याचा अधिकारही त्याचा होता. पण ज्याला त्याने कधी पाहिले नाही अशा मिस्त्रीस फसविण्याचा नव्हता. कोणता भाग कोणत्या सालचा, एवढे लिहिलेली एक चिठ्ठी गाडीच्या कागदांत ठेवणे त्यास अवघड नव्हते. ती वाचून जुन्या गाड्यांचा शौकीन किंमत पाडून मागेल, हे खरे. ती तूट विकणाऱ्यानेच सोसावयाची.