शाळा सोडल्याचे कारण

शाळेच्या दाखल्यावर 'शाळा सोडल्याचे कारण' असा एक रकाना असतो. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. दाखले लिहिताना त्या रकान्यात ठरलेलं वाक्य जातं : पालकांच्या विनंतीवरून. मूल खरंच का गेलं, त्याला कुणी बाकावर जागा दिली होती की नाही, हे तिथं येत नाही. सही-शिक्का झाला की गेलेला आपल्या मर्जीनं गेलेला ठरतो.

डेरी सिटी या फुटबॉल क्लबची हकिकत वाचताना हा रकाना आठवला. डेरी हे उत्तर आयर्लंडमधलं, कॅथलिक बहुसंख्य असलेलं शहर. त्याचं नावही वादातलं. दुसरी बाजू लंडनडेरी म्हणते. क्लब १९२९ पासून उत्तर आयर्लंडच्या लीगमध्ये होता, १९६५ साली तिथला विजेताही झाला. पुढे दंगलींचे दिवस आले. १९७१ मध्ये पाहुण्या बॅलिमिना संघाची बस पेटवण्यात आली. मग डेरीला घरचे सामने सुमारे ५० किलोमीटरवरच्या कोलरेनला जाऊन खेळावे लागले. प्रेक्षक आटले, पैसाही आटला. १९७२ च्या ऑक्टोबरात सुरक्षा दलांनी डेरीच्या मैदानावरची हरकत उठवली, तरी लीगमधल्या क्लबांनी एका मतानं परवानगी नाकारली. डेरी बाहेर पडला. तेरा वर्षं शहरात वरच्या दर्जाचं फुटबॉल नव्हतं. १९८५ मध्ये सरहद्दीपलीकडच्या आयर्लंड प्रजासत्ताकाच्या लीगनं त्याला घेतलं, आणि १९८९ मध्ये त्यानं तिथली लीग व दोन्ही चषक एकाच मोसमात जिंकले.

याला बेवफाई म्हणावं का? मोनॅकोचा क्लब फ्रान्समध्ये खेळतो, लिश्टेनश्टाइनचा फाडुट्स स्वित्झर्लंडमध्ये. त्यांना कुणी विचारत नाही. डेरीचं मैदान तर एक इंचही हललं नाही, ते आजही ब्रिटिश राज्यातच आहे. पण सामना कुणाशी आणि टाळ्या कुणासाठी, यावरून माणसाची निष्ठा मोजणारे सगळीकडे असतात. क्रिकेटच्या दिवसांत आपण हे किती सोसलं, ते वाचकांना सांगायला नको.

तरी आम्हाला सगळा दोष त्या एका मताच्या माथी मारता येत नाही. जळालेली बस खरी होती, त्या संघांची भीतीही खरी होती. आपल्या गल्लीतल्या आगीबद्दल गप्प राहून इन्साफ मागणं आम्हाला जमत नाही. मात्र बस क्लबनं जाळली नव्हती. चार पोरांच्या गोंधळासाठी अख्खा वर्ग उभा करणारे मास्तर आम्ही पाहिलेत. कबूल करायला हवं, आम्हीही केलंय.

अधिक टोचते ती दुसरीच गोष्ट. या क्लबवर जीव लावणारे प्रोटेस्टंटही होते. आपला संघ सरहद्दीपलीकडच्या लीगमध्ये गेला तेव्हा त्यांनी काय करायचं होतं? दार ज्यांनी बंद केलं ते वेगळे, आणि दार बंद झाल्यावर अलीकडे राहिले ते वेगळे. नवा आसरा शोधणाऱ्याचा हक्क आम्ही मानतो, पण या माणसांचा हिशेब त्यात कुठे मांडायचा हे आम्हाला उमगलेलं नाही.

गेल्या जूनमध्ये एक मुलगा दाखला न्यायला आला होता. तो का चाललाय हे आम्हाला ठाऊक होतं. रकान्यात आम्ही तेच वाक्य लिहिलं.