यजमानाचा पाय

वाई मागे टाकून पाचगणीकडे निघालं की पसरणीचा घाट लागतो. मे महिन्यातल्या रविवारी इथे गाड्यांची माळ लागते. पुढे एसटी, तिच्यामागे भाजीचा टेंपो आणि मग सुट्टीला निघालेली कुटुंबं. वळणावर एसटी थांबली की माळ थांबते, आणि चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवण्याचा तो क्षण येतो. महाराष्ट्रातली कित्येक माणसं या एका क्षणाच्या धास्तीनेच गाडी शिकली आहेत. डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर, हात हँडब्रेकवर. क्लच अर्धा सोडायचा, इंजिनाचा आवाज जड झाला की हँडब्रेक खाली आणि लगेच रेस. जरा चुकलं की गाडी बंद, नाहीतर मागच्याच्या बंपरवर.

२०१४ पासून या माळेत अशा मोटारी सर्रास दिसू लागल्या, ज्यांच्यात डाव्या पायाला काही कामच नाही. फेब्रुवारीत मारुतीची सेलेरिओ आली, ती पेट्रोलवर चालणारी. ऑगस्टमध्ये टाटांची झेस्ट आली, आणि डिझेल इंजिनाला स्वयंचलित मॅन्युअल गिअरबॉक्स, म्हणजे एएमटी, जोडलेली बेताच्या किमतीची कुटुंबाची मोटार भारतात पहिल्यांदा मिळू लागली. ती बनत होती पुण्याजवळ रांजणगावला. इंजिन फियाटच्या घराण्यातलं, १२४८ सीसीचं. त्याच घराण्याचं इंजिन मारुतीच्या डिझायरमध्येही होतं, आणि २०१७ च्या डिझेल एएमटी डिझायरचा प्रमाणित आकडा होता लिटरला २८.४० किलोमीटर. असे आकडे ज्या एआरएआय या संस्थेच्या चाचणीतून ठरतात, ती पुण्यातलीच. कोथरूडजवळच्या टेकडीला तर लोक तिच्याच नावाने ओळखतात. ऑटोमॅटिक घेतली की अ‍ॅव्हरेज गेलं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत या गाड्यांनी मोडली.

मोडली कारण एएमटीच्या पोटात गिअरबॉक्स जुनाच आहे. तेच दाते, तीच क्लचप्लेट. जुन्या धाटणीच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाची शक्ती तेलातून पुढे जाते आणि वाटेत थोडी वाया जाते. इथे क्लच घट्ट धरतो आणि शक्ती सरळ चाकांकडे जाते. बदल झाला तो एवढाच की पाय आणि हात यांच्या जागी तेलाच्या दाबावर हलणारे दट्टे आले आणि त्यांना हुकूम द्यायला एक छोटा संगणक. इंजिनाचा वेग, गाडीचा वेग, रेसवरचा पाय किती दाबला आहे, हे पाहून तो क्लच ओढतो, गिअर काढतो, दुसरा टाकतो, क्लच सोडतो. अनेक एएमटी गाड्यांत चालकाचं दार उघडलं की पंपाची बारीक घरघर ऐकू येते. मालक बसायच्या आत सेवक कामाला लागलेला असतो.

गिअर बदलताना क्षणभर शक्ती तुटते आणि बसलेल्यांच्या माना पुढे डुलतात. सरावलेले चालक त्या क्षणी रेसवरचा पाय किंचित उचलतात, आणि धक्का विरतो. ही छोटी गोष्ट फार महत्त्वाची आहे. काम दुसऱ्याकडे सोपवलेलं असतं, तरी ते केव्हा होणार आहे याचं भान ठेवणारा माणूस गाडी वेगळी चालवतो.

मग गिअर टाकला कोणी? चालकाने तर टाकला नाही. पण संगणकाला पाचगणीला जायचं नव्हतं.

कामाचा कर्ता कोण, हात हलवणारा की ज्याच्यासाठी हात हलले तो, हा प्रश्न भारतीय तत्त्वचिंतनात मीमांसकांनी, म्हणजे वेदातल्या यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या पंडितांनी, जितक्या चिकाटीने सोडवला तितका क्वचितच कोणी सोडवला असेल. आणि त्या चिंतनाचा एक मोठा खजिना याच घाटाच्या पायथ्याशी, कृष्णाकाठी जमवला गेला. वाईच्या प्राज्ञपाठशाळेच्या केवलानंद सरस्वतींनी रचलेला मीमांसाकोश सात खंडांचा आहे. घाट चढणाऱ्या गाडीत बसलेल्यांना मागे राहिलेल्या त्या गावाकडून काही मिळण्यासारखं आहे.

मीमांसकांपुढचा पेच असा. यज्ञ करायचा यजमानाने, फळ मिळायचं यजमानाला. पण आहुती टाकतो अध्वर्यू, ऋचा म्हणतो होता, साम गातो उद्गाता, चुका होतात का यावर ब्रह्मा लक्ष ठेवतो. सोमयागात तर सोळा ऋत्विज लागतात. मग यजमानाने केलं काय? जैमिनीच्या सूत्रांत आणि शबराच्या भाष्यात याचं उत्तर सावकाश उलगडत जातं. दक्षिणा ही भीक नाही, ती परिक्रय आहे. तिच्या बदल्यात ऋत्विजांचे श्रम घेतले जातात. श्रम असे घेता येतात. पण एक गोष्ट यजमानालाच करावी लागते, आणि ती म्हणजे त्याग. हे द्रव्य आता आपलं राहिलं नाही, ते या देवतेचं झालं, हा संकल्प भाडोत्री माणूस करू शकत नाही, कारण द्रव्य त्याचं नव्हतंच.

पुढचा विचार तर आणखी धारदार आहे. यज्ञात एखादी वस्तू मिळाली नाही तर तिच्या जागी दुसरी चालते का? चालते. व्रीही नसेल तर नीवार, सोम नसेल तर पूतीक. या बदलीला प्रतिनिधी म्हणतात. मात्र यजमानाला प्रतिनिधी नाही. ज्याला फळ हवं आहे त्याच्या जागी दुसरा माणूस उभा करून कर्म पुरं होत नाही.

एएमटी गाडीकडे या दृष्टीने पाहिलं की तिची रचना लख्ख दिसते. क्लच दाबणं, गिअर टाकणं हे श्रम आहेत, आणि गाडी घेताना दिलेल्या जादा पैशांत त्यांचा परिक्रय झालेला आहे. यात कमीपणा काहीच नाही. गुडघा दुखणाऱ्या माणसाला, रोज दोन तास गर्दीत अडकणाऱ्या बाईला, पन्नाशीत गाडी शिकणाऱ्याला या सेवकाने रस्ता मोकळा करून दिला. श्रम म्हणजेच पुण्य, असं मानून या सोयीला नावं ठेवणारे लोक श्रम आणि संकल्प यांची गल्लत करतात.

पण यजमानाचा म्हणून एक पाय उरतोच, आणि तो ब्रेकवर असतो. या गाड्यांच्या गिअरदांड्याजवळ बहुधा ‘पी’ हे अक्षर नसतं. उभी करताना हँडब्रेक ओढावाच लागतो. ज्यांत चढावर गाडी धरून ठेवणारी सोय नाही, त्या ब्रेकवरून पाय उचलून रेसवर नेईपर्यंत मागे सरकतात. काही चालक रेसच्या जोरावरच गाडी चढावर तोलून धरतात. सेवक बिचारा अर्धा क्लच धरून राहतो, प्लेट तापते, वास येतो. जे आपण स्वतः धरायचं ते सेवकाला धरायला लावल्याचा तो वास आहे. इथे हँडब्रेक ओढावा, तो आपल्या हाताने.

आणि गाडी मागे सरकून कोणाला लागलंच तर? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, ज्याची मुंबई विद्यापीठाने काढलेली प्रा. र. पं. कंगले यांची संशोधित आवृत्ती जगभरचे अभ्यासक वापरतात, गाडीच्या अपघातांचा विचार आहे. वेसण तुटली, जू मोडलं, गाडी मागे सरकत आली, अशा प्रसंगी हाकणाऱ्याला दंड नाही. म्हणजे यंत्र दगा देऊ शकतं, हे त्याला मान्य आहे. पण लगेच पुढे तो म्हणतो की हाकणारा बालक असेल तर दंड गाडीत बसलेल्या मालकाला; मालक नसेल तर जो बसला आहे त्याला. आणि बालकाच्या हाती दिलेलं किंवा माणूसच नसलेलं वाहन राजाने जप्त करावं. आपल्या कायद्याच्या मराठीत अल्पवयीनाला ‘अज्ञान’ म्हणतात. गिअरबॉक्समधला संगणक या अर्थाने कायमचा अज्ञान आहे. तो कितीही चपळ झाला तरी सज्ञान होत नाही, म्हणून दंड गाडीत बसलेल्याकडे जातो.

इथे एक आक्षेप निघतो, आणि तो गीतेचा आधार घेऊन निघतो. अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असं तिथे म्हटलं आहे. मग मीच जबाबदार, हा हट्ट अहंकारच नव्हे का? पण हा उपदेश ऐकणाऱ्याच्या हातात धनुष्य होतं, आणि उपदेश संपल्यावर त्याने ते उचललं. श्रेयावरचा हक्क सोडायला सांगणारं तत्त्वज्ञान दोष झटकायला वापरणं हा त्याचा सरळ गैरवापर आहे.

असा गैरवापर किती दूर जाऊ शकतो, हे डिझेलनेच दाखवलं. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनवर आरोप ठेवला की तिच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखतं, तेवढ्यापुरता धूर आवरतं आणि रस्त्यावर आलं की मोकळं सोडतं. काही गाड्यांत नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. पाप करणारा हात एका चिपमध्ये होता. तरी २०१७ मध्ये कंपनीने अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल केला, एका अभियंत्याला ४० महिन्यांची आणि एका व्यवस्थापकाला ७ वर्षांची कैद झाली. चिपला कोणी प्रतिनिधी मानलं नाही.

मीमांसकांचा हिशेब मात्र एका जागी डिझेलला पुरत नाही. त्यांच्या जगात फळ यजमानाला चिकटतं. दुसऱ्याला जात नाही. डिझेल गाडीचं फळ दोन ठिकाणी फाटतं. बचत मालकाच्या खिशात राहते, धूर मागच्याच्या छातीत जातो. हा धूर माणसात कर्करोग निर्माण करतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये जाहीर केलं. ज्या वर्षांत कौटुंबिक डिझेल गाड्या भरभरून खपल्या, त्यांतल्या बहुतेक काळात डिझेल सरकारी आधाराने स्वस्त होतं. हा आधार सुटला तो ऑक्टोबर २०१४ मध्ये. शेताच्या पंपासाठी, एसटीसाठी, मालट्रकसाठी दिलेल्या त्या स्वस्ताईवर घरगुती मोटारीही चालल्या. लिटरला २८ किलोमीटर देणारी गाडी कमी इंधन जाळते, कमी कार्बन सोडते, हे खरंच आहे, आणि ते लहान श्रेय नाही. तरीही ‘किती देते?’ हा आपला आवडता प्रश्न अर्धाच आहे. ती कोणाला काय देते, हे विचारलं जात नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, डिझेलच्या धुराला गाळणी सक्तीची झाल्यासारखीच झाली, आणि छोट्या गाडीत तो खर्च परवडेना. मारुतीने डिझेल बंद केलं, झेस्ट त्याआधीच थांबली होती. विकलेल्या गाड्या मात्र अजून चालताहेत. नीट ठेवलेल्या गाडीचं इंजिन दोन-तीन लाख किलोमीटर सहज काढतं, आणि एअर फिल्टर वेळेवर बदलणं, धूर काळा होतो का ते पाहणं, हेही यजमानाचंच काम. पीयूसीचा कागद ते काम करत नाही.

पसरणीच्या वळणावर एसटी सुटते. मागच्या पांढऱ्या डिझायरमधली बाई हँडब्रेक धरून असते. ती रेस देते, डाव्या पायाशी काहीच नसलेल्या जागेत सेवक क्लच पकडतो, गाडी किंचित बसते, आणि मग ती हँडब्रेक सोडते. गाडी एक बोटभरही मागे येत नाही. आरशात तिला मागची दुचाकी दिसते. नवरा, बायको, मधे लहान मुलगी. मुलीने ओढणी नाकाला लावली आहे. बाई रेसवरचा पाय थोडा उचलते, दुचाकीला हाताने पुढे जायची खूण करते आणि ती निघून जाईपर्यंत दुसऱ्या गिअरमध्येच राहते.