थैलीतील दोन वजने

स्वस्त मजुरीच्या देशातून माल करवून घेणे हे पाप आहे काय? तसे म्हणवत नाही. बांगलादेशात लाखो घरांच्या चुली शिवणकामावर पेटतात. बहिष्काराने त्या विझतील. पाप शिरते ते निराळ्या वाटेने.

ढाक्याजवळील सावर येथे २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळून १,१३४ माणसे मेली. आदल्या दिवशीच तडे दिसले होते. खालची बँक बंद राहिली. शिवणकामगारांना मात्र कामावर बोलावले गेले. परदेशी खरेदीदार कापडाचा टाका न् टाका पारखून घेत. भिंतीची मजबुती त्या पारखण्यात नव्हती. मालाला एक माप, माणसाला दुसरे! थैलीत दोन वजने नकोत, अशी शास्त्राची आज्ञा आहे (अनुवाद २५:१३). आणि धाब्याला कठडा न बांधणाऱ्या घरमालकावर रक्तपाताचा दोष येतो, असेही सांगितले आहे (अनुवाद २२:८).

त्याच वर्षी अनेक कंपन्यांनी कामगार संघटनांशी इमारतींच्या तपासणीचा बंधनकारक करार केला. जे नंतर जमले, ते आधीही जमले असते.

दूरचा मजूर आपल्याला दिसत नाही. पण त्याची हाक ज्याच्या कानी जाते (याकोब ५:४), त्याच्यापुढे आपल्यालाही उभे राहायचे आहे.