थेऊरच्या वाटेवरचा ताम्रपट



युरोपातल्या प्राचीन केल्ट लोकांबद्दल वाचून तू विचारलंस, की त्यांच्यासारखी टिकून राहिलेली जुनी नावं आपल्या पुण्याजवळ आहेत का? पॅरिस हे नाव पॅरिसी या केल्टिक जमातीवरून आलं. इंग्लंडात एव्हन नावाच्या कितीतरी नद्या आहेत, आणि केल्टांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ नुसता ‘नदी’. रोमन आले, पुढे सॅक्सन आले, बोली पालटली, पण नद्यांची नावं टिकली. तुला याचं नवल वाटलं. मला त्याहून जास्त नवल आपल्या सोलापूर रस्त्याचं वाटतं.

राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, ज्याच्या काळात वेरूळचं कैलास लेणं कोरलं गेलं, त्याचा शके 690 चा, म्हणजे इ.स. 768 चा एक ताम्रपट आहे. तळेगावचा ताम्रपट म्हणतात त्याला. त्यात ‘पुणक विषय’ असा आपल्या मुलखाचा उल्लेख येतो. विषय म्हणजे तेव्हाचा जिल्हा. राजाने काही गावं दान दिली आणि देताना चतुःसीमा नोंदवली. पूर्वेला खंभग्राम आणि दाडिमग्राम, पश्चिमेला अलंदियग्राम आणि थिउरग्राम, दक्षिणेला डोंगर, उत्तरेला नदी. दान दिलेल्या गावांत एक अरलुव.

आता हडपसर सोडून पूर्वेकडे निघ. आळंदी लागते, ज्ञानेश्वरांची नव्हे, म्हातोबाची. मग थेऊर, उरुळी, पुढे डाळिंब आणि खामगाव. उत्तरेला मुळा-मुठा वाहतेच आहे. देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी हा ताम्रपट वाचून ही गावं नकाशावर ओळखली. साडेबाराशे वर्षांत यादव आले, निजामशाही, आदिलशाही, मोगल, मराठे, इंग्रज आले. सारा कोणाकडे भरायचा ते बदलत गेलं. थिउरचं थेऊर झालं, अरलुवचं उरुळी, दाडिमचं डाळिंब, एवढाच काय तो फरक. थोरले माधवराव पेशवे 1772 मध्ये थेऊरला चिंतामणीच्या देवळात वारले, तेव्हा या नावाला हजार वर्षं होऊन गेली होती.

नावं टिकतात ती माणसं गावाला धरून राहतात म्हणून, असं माझं मत आहे. बांधाचं भांडण असो, सोयरीक असो, देवाची जत्रा असो, गावाचं नाव घेतल्याशिवाय काही होत नाही. वस्ती उठली की नावही जातं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने 1968 पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची शंभराहून जास्त घरं निघाली, धान्याची कोठारं निघाली, चार पायांच्या रांजणात बसवून पुरलेला एक माणूस निघाला. ती माणसं काय खात होती ते आपण सांगू शकतो. आपल्या गावाला ती काय म्हणत, हे मात्र कायमचं गेलं. मला त्याची फार हळहळ वाटते.

पुणे शहरातही हेच दिसतं. औरंगजेबाने 1703 मध्ये नातवाच्या स्मरणार्थ एका पेठेचं नाव मुहियाबाद ठेवलं. ती आज बुधवार पेठ आहे. शनिवार पेठ एकेकाळी मुर्तजाबाद होती. ही कागदावरची नावं लोकांनी सोडून दिली. पण कसब्यातली तांबट आळी तांबटांनी वसवली आणि तिथे अजून तांब्यावर हातोडा पडतो, म्हणून ते नाव जिवंत आहे. शिवाजीनगरचं जुनं नाव भांबुर्डे. मिळकतीच्या कागदांत ते आजही सापडतं.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘महाराष्ट्राचा वसाहतकाल’ लिहिताना गावांची नावंच पुरावा म्हणून घेतली. त्यांच्या सगळ्या व्युत्पत्ती आज मान्य होत नाहीत, पण दिशा खरी होती. आपले शेतकरी वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात आणि शेताला ‘काळी’. उजाड रानात एखाद्या तुकड्याला म्हातारी माणसं पांढर म्हणत असतील, तर तिथे राखेची भुसभुशीत पांढुरकी माती आणि खापरं मिळण्याचा संभव मोठा. पुरातत्त्वाचे अभ्यासक अशी टेकाडं विचारत विचारतच गावोगाव हिंडले आहेत.

गावांची नावं सरकारी दप्तरात आहेत, ती राहतील. शेतांची, ओढ्यांची, विहिरींची, माळांची नावं क्वचितच कुठे लिहिलेली असतात. थेऊर-उरुळीच्या पट्ट्यात शेतं बिगरशेती होताहेत, प्लॉट पडताहेत, आणि त्या जागांना आता कुठल्यातरी सिटीची, हिल्सची नावं मिळताहेत. म्हणून या सुट्टीत वही घेऊन तिकडे जा. ऐंशी वर्षांच्या माणसांबरोबर शिवारातून फीर. ते जे नाव ज्या उच्चारात सांगतील तसंच लिही, सुधारू नकोस. गट नंबर शेजारी टाक, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घाल. एक प्रत ग्रामपंचायतीत दे, एक भारत इतिहास संशोधक मंडळात नेऊन दे. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नकोस. सांगणारी माणसं थोडी उरली आहेत.

तुझा,
आजोबा